शाळेची जागा आणि गणित

नवी शाळा, दवाखाना किंवा पाण्याची टाकी कोठे असावी, हा प्रश्न बहुधा मोकळी जमीन व कोणाचे तरी वजन यांवरून सुटतो. तो गणितानेही सोडविता येतो. अनेक शक्य जागांतून ठरविलेल्या कसोटीस सर्वांत उतरणारी जागा शोधण्याच्या या रीतीस इष्टतमीकरण म्हणतात.

एका सरळ रस्त्यावर गावठाणात 60 मुले, तेथून 1 कि.मी.वरील वाडीत 20 आणि 4 कि.मी.वरील वाडीत 20 मुले आहेत, असे समजू. सर्वांची एकंदर पायपीट कमीत कमी व्हावयाची, तर शाळा गावठाणातच हवी. ती तेथून एक पाऊल वाड्यांकडे सरकविली, तर 40 मुलांचे एकेक पाऊल वाचते, पण 60 मुलांचे वाढते. रस्त्यांचे जाळे कितीही गुंतागुंतीचे असले, तरी अशी जागा एखाद्या गावी वा फाट्यावर सापडतेच, हे हकीमी यांनी 1964 मध्ये सिद्ध केले. त्यांच्यापुढे प्रश्न होता टेलिफोन केंद्रांचा! तथापि 50 वाड्यांतून 5 जागा निवडावयाच्या झाल्यास 21,18,760 प्रकार संभवतात. तेथे संगणकच हवा.

आता वरील उत्तराकडे पुन्हा पाहावे. शाळेत जाण्याची एकंदर पायपीट 100 कि.मी., मुले 100. म्हणजे सरासरी 1 कि.मी. अहवालात हा आकडा निर्दोष दिसेल. दूरच्या वाडीतील 20 मुले मात्र रोज जाऊन येऊन 8 कि.मी. चालतील, अथवा शाळा सोडतील. सर्वांत दूरच्या मुलाचे अंतर कमी करणे हीच कसोटी धरली, तर शाळा मधोमध 2 कि.मी.वर येते; एकंदर पायपीट 180 कि.मी. होते आणि शाळा ओसाड माळावर पडते. तिसरी कसोटी मर्यादेची. महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी 1 कि.मी.ची मर्यादा घातली. ती पाळून कमीत कमी किती शाळा लागतील, असे विचारताच उत्तर दोन येते : एक गावठाणात, दुसरी दूरच्या वाडीत. तिन्ही वेळा गणित बरोबरच आहे. कसोटी मात्र माणसांनी ठरवावयाची आहे.

अंतर कोणते धरावे, हेही नकाशावरून कळत नाही. वाटेत ओढा असल्यास नकाशावरचा 1 कि.मी. आषाढात सहा वर्षांच्या मुलीस पुलाच्या वळशाने 3 कि.मी. पडतो. ही माहिती कचेरीत नसते, शिक्षकास असते. गैरहजेरीचे महिने व वाड्या ताडून पाहिल्यास ती हजेरीपत्रकातही दिसते. शाळा हलविण्याचा वा दुसऱ्या शाळेत मिळविण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा प्रत्येक वाडीची मुले व पावसाळी वाटेचे अंतर, अशी दोन रकान्यांची यादी शाळेत तयार असावी.