घर नवं, रेंज गायब

पुण्यात बाणेर, रावेत, उंड्री, ठाण्यात घोडबंदर रोड, नवी मुंबईत उलवे. नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्या कुटुंबांची पहिल्या आठवड्यातली तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. पाणी येतं, लिफ्ट चालते, पार्किंग मिळालं, पण फोन लागत नाही. गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस दारात उभा असतो, त्याला सांगायचा कोड मोबाईलवर येत नाही आणि घरातली आजी फोन हातात घेऊन बाल्कनी गाठते. गेटवरून वॉचमनचा फोन येतो, पण आवाज तुटतो. बँकेचा ओटीपी येतो तो मुदत संपल्यावर. सगळेजण सिमकार्डाच्या कंपनीला बोल लावतात. कंपनीची जबाबदारी आहेच, पण अर्धं कारण आपण ज्या भिंतींच्या आत राहायला आलो, त्या भिंतींतच असतं.

पुनर्विकासात हे फार स्पष्ट दिसतं. जुनी तीन मजली इमारत पाडून त्याच प्लॉटवर बावीस मजले उभे राहतात. जागा तीच, सिमकार्ड तेच, समोरच्या गच्चीवरचा मोबाईल टॉवरही तोच. तरी पूर्वी स्वयंपाकघरात व्यवस्थित चालणारा फोन आता हॉलमध्येही धडपडतो. जुन्या घराच्या भिंती विटांच्या होत्या आणि खिडक्या लाकडी. नवी इमारत बहुधा ‘मायवान’ पद्धतीची असते. अॅल्युमिनियमचे साचे लावून स्लॅबबरोबर भिंतीही ओततात, त्यामुळे बाहेरच्याच काय, दोन खोल्यांमधल्या भिंतीही सळया घातलेल्या काँक्रीटच्या होतात. वीट रेडिओलहरी थोड्याच अडवते. सहा इंची आरसीसी भिंत मात्र सिग्नल साधारण 10 ते 20 डेसिबलने खाली आणते. दर 10 डेसिबलला ताकद दहापट घटते. म्हणजे अशा दोन भिंती ओलांडून बेडरूममध्ये पोचेपर्यंत बाहेरच्या सिग्नलचा शंभरावा हिस्साही उरेल याची खात्री नाही. उन्हाचा ताप अडवण्यासाठी लावलेल्या चकचकीत काचांवर धातूचा अतिशय पातळ थर असतो, तोही लहरी परत फेकतो.

लहरी कोणत्या वारंवारितेच्या आहेत यानेही फरक पडतो. 700, 850 किंवा 900 मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंतींतून त्यातल्या त्यात बऱ्या शिरतात. 2300 मेगाहर्ट्झवर वेग चांगला मिळतो, पण घरात शिरताना त्या दमतात. ऑक्टोबर 2022 मध्ये देशात फाइव्ह-जी सुरू झालं, त्याचा मोठा भाग 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे आणि या लहरींना भिंत आणखी जड जाते. बाल्कनीत फाइव्ह-जी सुसाट आणि आतल्या खोलीत फोन मुका, हा अनुभव त्यामुळेच येतो. अशा घरात फोनच्या सेटिंगमध्ये फाइव्ह-जीऐवजी फोर-जी निवडून पाहावं. फोनची सतत चाललेली अदलाबदल थांबते आणि पुष्कळदा कॉल तुटायचा थांबतो.

उंच मजल्यांचं दुखणं वेगळं आहे. टॉवरवरच्या अँटेना रस्त्याकडे आणि आसपासच्या घरांकडे, म्हणजे थोड्या खाली झुकवून लावलेल्या असतात. गच्चीवरून अंगणात टॉर्च मारावी तसा त्यांचा झोत खाली पडतो. पंचविसाव्या मजल्यावर हा झोत नीट पोचत नाही, उलट दूरदूरच्या अनेक टॉवरचे सिग्नल एकाच वेळी येऊन एकमेकांत मिसळतात. फोनला कोणाला धरावं हे ठरवता येत नाही. स्क्रीनवर चार दांड्या दिसतात आणि तरी समोरच्याचा आवाज चिरकतो, त्याचं हे कारण.

आधी मोजा

दांड्यांवर विसंबू नये, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्यापुरतं ठरवते. खरा आकडा फोनमध्येच असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस या ठिकाणी सिग्नलची ताकद ‘डीबीएम’मध्ये दिसते. आकडा उणे असतो. फोर-जीवर उणे 80 ते 90 असेल तर उत्तम, उणे 100 पर्यंत काम भागतं, उणे 110 च्या पलीकडे कॉल तुटू लागतात आणि उणे 120 ला जवळपास काहीच उरत नाही. उणे 80 आणि उणे 110 यांत हजारपटीचा फरक आहे. हॉल, स्वयंपाकघर, प्रत्येक बेडरूम आणि पार्किंग इथले आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढे कंपनीशी बोलताना ‘रेंज येत नाही’ या वाक्यापेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो.

फोनवर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं लिहून येत असेल तर त्यातही माहिती दडलेली आहे. तुमच्या कंपनीचं नेटवर्क तिथे पोचत नाही, पण दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचं पोचतं आहे, असा बहुधा त्याचा अर्थ. अशा वेळी 112 हा क्रमांक त्या दुसऱ्या नेटवर्कवरून लागू शकतो, हे घरातल्या लहानथोर सगळ्यांना सांगून ठेवायला हवं.

घरातले उपाय

ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आहे, त्यांच्यासाठी पहिला आणि बिनखर्चाचा उपाय वाय-फाय कॉलिंग. एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये आणि जिओने जानेवारी 2020 मध्ये ही सोय सुरू केली. सेटिंग्जमध्ये सिमकार्डाच्या पर्यायाखाली ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू केलं की कॉल टॉवरऐवजी घरच्या राउटरवरून जातो. नंबर आपलाच राहतो, वेगळं अॅप लागत नाही, वेगळे पैसे पडत नाहीत आणि बहुतेक फोनवर ओटीपीचे मेसेजही याच वाटेने येतात. आईवडिलांच्या फोनमध्ये हे बटण कुणीतरी बसून चालू करून द्यावं, कारण ते आपसूक चालू असतंच असं नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि फोनही जातो. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यावा किंवा तो इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडावा.

ब्रॉडबँड नसेल किंवा घराबाहेरही रेंज हवी असेल, तर कंपनी बदलण्याचा विचार करावा, पण आधी खात्री करून. शेजाऱ्यांचे फोन आपल्या घरात आणून पाहा, किंवा दुसऱ्या कंपनीचं एक प्रीपेड सिम घेऊन काही दिवस वापरा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या 2024 च्या नियमांनुसार मोबाईल कंपन्यांना आपल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर ठेवावे लागतात, तेही पाहावेत. पण नकाशावरून परिसराचा अंदाज येतो, तुमच्या बेडरूमची हमी मिळत नाही.

खात्री झाली की नंबर न बदलता कंपनी बदलता येते. ही सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि 1900 वर मेसेज करायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. एकाच सर्कलमध्ये तीन कामाच्या दिवसांत नंबर नव्या कंपनीकडे जातो, सर्कल बदलत असेल तर पाच दिवसांत. मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं, हे मुंबईहून पुण्या-नाशिकला गेलेल्यांनी ध्यानात घ्यावं. सध्याच्या कंपनीकडे 90 दिवस पूर्ण झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको आणि सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं.

एका उपायापासून मात्र लांब राहा. ‘सिग्नल बूस्टर’ नावाचं यंत्र ऑनलाइन आणि बाजारातही मिळतं. दूरसंचार विभागाने जानेवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे की परवानाधारक मोबाईल कंपन्यांखेरीज कुणीही ते विकणं, बाळगणं किंवा वापरणं बेकायदा आहे. कारणही पटण्यासारखं आहे. असं यंत्र जवळच्या टॉवरकडे इतका गोंगाट पाठवतं की आसपासच्या शेकडो लोकांचे कॉल बिघडतात. एका फ्लॅटची सोय आणि अख्ख्या गल्लीची गैरसोय, असा हा व्यवहार आहे.

सोसायटीचं काम

भिंती काँक्रीटच्या असतील तर खरा इलाज इमारतीच्या आतच करावा लागतो. त्याला ‘इन-बिल्डिंग सोल्युशन’ किंवा नुसतं ‘आयबीएस’ म्हणतात. लॉबी, पार्किंग, लिफ्टजवळ छताला थाळीएवढ्या लहान अँटेना लावून त्या केबलने जोडतात. हे काम मोबाईल कंपनीच करते, पण त्यासाठी सोसायटीने एकत्र मागणी करावी लागते. दहा-वीस फ्लॅटचे मोजलेले आकडे जोडून, सर्वसाधारण सभेचा ठराव करून पत्र दिलं की त्याला वजन येतं. बिल्डरने एकाच कंपनीशी करार करून बाकीच्यांना दार बंद केलेलं नाही ना, हेही पाहावं.

सभेत विषय निघाला की किरणोत्सर्गाची भीतीही निघते. तिची चेष्टा करू नये, तिला माहितीने उत्तर द्यावं. भारताने सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवली, आणि सरकारच्या ‘तरंग संचार’ या वेबसाइटवर आपल्या भागातले टॉवर पाहता येतात. आणखी एक गोष्ट सभेत सांगायला हवी. सिग्नल कमकुवत असला की टॉवरपर्यंत पोचण्यासाठी आपलाच फोन जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो. बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो. आणि तो फोन आपण कानाला लावलेला असतो. चांगली रेंज असलेल्या घरात हातातला फोन उलट शांत असतो.

कंपनीने दाद दिली नाही तर 198 वर तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान झालं नाही तर 30 दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि तिथे 39 दिवसांत निर्णय व्हायला हवा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. पण ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं आहे.

यातला बराचसा त्रास घर ठरवण्याआधी टाळता येतो. ऑक्टोबर 2024 मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे नियम केले. ते अजून ऐच्छिक आहे, म्हणून बिल्डरला त्याबद्दल विचारायला लागा. विचारणारे वाढले तरच ते तारांकन जाहिरातीत दिसू लागेल. आणि सॅम्पल फ्लॅटवर भिस्त ठेवू नका. ज्या मजल्यावर राहायचं आहे, त्या मजल्यावर जा, दारंखिडक्या बंद करा, सगळ्यात आतल्या खोलीत उभं राहून घरी एक फोन लावा. नळ सोडून पाण्याचा जोर पाहतो, तसंच हेही पाहा. बयाणा देण्याआधी.