एकच डिस्क सर्व्हरला चार वेळा का दिसते?

वायफाय गेलं की फोन आपोआप मोबाईल डेटावर जातो. मोठ्या सर्व्हरलाही अशीच सोय लागते, पण ती आपण करून द्यावी लागते.

बऱ्याच कंपन्यांचा डेटा सर्व्हरमध्ये नाही, तर वेगळ्या स्टोरेज ॲरेमध्ये असतो. समजा, सर्व्हरला २ पोर्ट आणि ॲरेला २ कंट्रोलर आहेत. प्रत्येक पोर्टमधून दोन्ही कंट्रोलरपर्यंत जाता येतं, म्हणजे रस्ते झाले ४. लिनक्सला मात्र ४ वेगळ्या डिस्क दिसतात! त्यातलं एकच नाव वापरलं आणि नेमका तोच रस्ता तुटला, तर बाकीचे ३ चालू असूनही डेटाबेस अडकतो.

यावर उपाय म्हणजे मल्टिपाथ. डिस्कचा ओळख क्रमांक बघून ते चारही रस्ते एका नावाखाली आणतं. मी तेच नाव माउंट करतो.

सगळेच रस्ते गेले तर? 'क्यू' सेटिंग असेल तर ॲप रस्ता परत येईपर्यंत लटकून राहतं, 'फेल' असेल तर लगेच एरर येते. ॲरेच्या कंपनीने सांगितलेली सेटिंगच ठेवा. आणि सर्व्हर कामाला लावण्याआधी एक केबल मुद्दाम काढून बघाच.