अठरा पूर्ण आहेत का?

फतेगंजमध्ये संध्याकाळी सात वाजता बाहेर पडलात तर रस्त्यावर निम्मे चेहरे अठरा ते बावीस वयाचे दिसतील. युनिव्हर्सिटी जवळ, हॉस्टेलं जवळ, प्रत्येक गल्लीत दोन-तीन पीजी. सेव-उसळीच्या गाडीपुढे उभ्या असलेल्या घोळक्यात कोण सतरा वर्षांचा आणि कोण एकोणीस, हे मला आजवर ओळखता आलेलं नाही. गल्ल्यावरच्या काकांना मात्र ते बरोबर कळतं. एखादं कोवळं पोर सिगरेट मागायला आलं की ते मान वरही न करता "जा, घरे जा" म्हणतात.

मोबाइलवर हे काम एका चौकोनाकडे दिलेलं आहे. "माझं वय अठरा वर्षांपेक्षा जास्त आहे" यावर टिचकी मारायची, झालं. बारा वर्षांच्या मुलालाही टिचकी मारता येते. तंबाखूविषयीच्या २००३ च्या कायद्याने अठराखालील मुलाला तंबाखूचे पदार्थ विकायला बंदी आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने तर मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा एवढा कडक, आणि त्याच्या दारावर हा चौकोन! दुसरं टोक म्हणजे जिथे कंपनी खरोखरच तपासायचं ठरवते ती जागा. तिथे काय होतं, ते आमच्या घरात गेल्या वर्षी चार दिवस चाललं होतं.

माझी भाची इथल्या फाइन आर्ट्सला पहिल्या वर्षाला आहे आणि आमच्याकडेच राहते. तेव्हा तिला अठरा व्हायला अडीच महिने कमी होते. सबमिशनसाठी तिला जाड ब्लेडचा कटर, पात्यांचं पाकीट आणि स्प्रे पेंटचे तीन डबे हवे होते. आपल्याकडे कटर घ्यायला कायद्याने वयाची अट नाही. शस्त्रास्त्रांच्या नियमांत पात्याच्या लांबीरुंदीची मर्यादा आहे, पण घरगुती आणि कामाच्या हत्यारांना त्यातून सूट आहे. तरीही त्या साइटने 'धारदार वस्तू' आणि 'ज्वलनशील वस्तू' यांना स्वतःचा नियम लावला होता. साइटचं नाव इथे देत नाही, कारण असे अनुभव बऱ्याच ठिकाणी येतात. नियम लावला याबद्दलही माझी तक्रार नाही. तिने आपली खरी जन्मतारीख टाकली आणि साइटने तिला नाकारलं. हे अगदी योग्य झालं. "मावशी, वर्ष एकने मागे नेलं असतं तर चाललं असतं," ती म्हणाली, "पण मग पुढे कायम ते खोटंच राहिलं असतं." या एका वाक्यासाठी तिचं कौतुक वाटलं.

मग माझ्या खात्यावरून. माझं वय अठ्ठेचाळीस, म्हणजे हरकत नसावी. आधारचा फोटो मागितला, दिला. उत्तर आलं: नाव जुळत नाही. गुजरातमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना याचं कारण सांगायला नको. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं नाव. पॅनवर आधी नाव, शेवटी आडनाव. आणि आधार काढताना समोर बसलेल्या मुलाने आदराने माझ्या नावाला 'बेन' जोडून टाकलं. आईच्या एका कागदावर 'बाई' आहे, दुसऱ्यावर 'बेन', तिसऱ्यावर दोन्ही नाहीत. माणसाला यात काहीच खटकत नाही, पण यंत्राच्या दृष्टीने त्या तीन वेगवेगळ्या बायका. माझ्या बाबतीत यंत्राने "४८ तासांनी पुन्हा प्रयत्न करा" असं सांगून विषय संपवला.

राहिले बाबा. बाबा ऐंशीच्या घरात. त्यांच्या वयाबद्दल कोणाला शंका येईल असं आम्हाला वाटलंच नाही. पण त्यांच्या आधारवर जन्मतारीख नाही, फक्त 'जन्म वर्ष १९४६' आहे. सुरुवातीच्या काळातल्या पुष्कळ आधार कार्डांवर असंच असायचं. फॉर्मला दिवस आणि महिना हवा होता. बाबांनी १ जून १९४६ अशी तारीख घातली, यंत्राला कार्डावर ती सापडली नाही. मग म्हणे चेहरा दाखवा. कॅमेऱ्यासमोर धरा, मान डावीकडे वळवा, डोळे मिचकवा. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दिव्याच्या उजेडात त्यांना तो गोल दिसेना. तीन वेळा 'चेहरा ओळखता आला नाही' आल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "अगं, मी म्हातारा आहे हे कपाळावर लिहिलंय, अजून काय दाखवू?" म्हणाले आणि हिंचक्यावर जाऊन बसले. आम्ही हसलो, पण ते हसले नाहीत. आयुष्यभर रिफायनरीत सही करून जबाबदारी घेतलेल्या माणसाला एका कटरसाठी तीनदा नापास व्हावं लागलं, ते त्यांना लागलं होतं.

त्या १ जूनचीही एक कथा आहे आणि ती फक्त आमच्या घरातली नाही. तुमच्या घरातल्या सत्तरीपुढच्या मंडळींचे वाढदिवस एकदा विचारून पाहा, त्यात १ जून नक्की सापडेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तोवर मुलाचं वय भरलेलं असायला हवं, आणि घरी जन्माची नोंद नसायची. मग गुरुजी दाखल्यावर १ जून लिहायचे. महाराष्ट्रात अशी एक अख्खी पिढी एकाच दिवशी जन्मलेली आहे. बाबा खानदेशातले. त्यांची आई सांगायची, "दिवाळी होऊन गेली होती, कापूस वेचणी चालू होती, तेव्हा तू झालास." म्हणजे गुरुजींनी त्यांना पाच-सहा महिने मोठं केलं आणि रिफायनरीने तेवढंच आधी निवृत्त केलं. जन्माची नोंद देशभर सारखी बंधनकारक करणारा कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्यांचं वय म्हणजे कोणीतरी केलेला अंदाज, मागाहून शिक्का मारलेला.

आता यातली गंमत बघा. वय सिद्ध करायला जिथे तिथे आधार मागतात, पण आधार हा मुळात जन्मतारखेचा पुरावाच नाही. आधार देणाऱ्या प्राधिकरणानेच ते स्पष्ट केलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधीवाल्यांनी जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वयासाठी आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. देशातलं पहिलं आधार सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या शेजारच्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात दिलं गेलं. 'हा माणूस तोच आहे' एवढं सांगण्यासाठी ते होतं. त्याच्यावर वयाचं ओझं आपण नंतर टाकलं.

आणि हे अठरा तरी कुठून आलं? भारतीय सज्ञानता कायदा १८७५ चा. योगायोग असा, की त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर दत्तक आला आणि सयाजीराव झाला. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले ते डिसेंबर १८८१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी. अठराव्या वर्षी बडोदे संस्थान चालवायला मिळालं, हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आणि मला कटर नाही."

अठरा ही एकच रेषा आहे असंही नाही. मतदानाचं वय १९८९ पर्यंत एकवीस होतं. मुलाच्या लग्नाचं वय अजून एकवीस आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० च्या फाळणीनंतर दोन्ही राज्यांनी ठेवला, आणि बघा काय झालं: महाराष्ट्रात बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस. गुजरातेत दारूबंदीच, पण प्रकृतीच्या कारणावर परवाना हवा असेल तर वय चाळीसच्या वर हवं आणि डॉक्टरी तपासणीही. लॉकडाऊनमध्ये, मे २०२० ला महाराष्ट्रात परवानाधारकांना घरपोच दारू मिळू लागली. तेव्हा आमच्या पुण्याच्या एका नातलगाला पन्नाशीत पहिल्यांदा परवाना काढावा लागला. इतकी वर्षं दुकानात कोणी विचारलंच नव्हतं.

माझा चुलतभाऊ लंडनला असतो. त्याने मागे भाजी चिरायची सुरी ऑनलाइन मागवली होती. पोचवणारा दारात उभा राहिला, ओळखपत्र मागितलं, जन्मतारीख बघितली, ओळखपत्र परत दिलं, सुरी दिली. तिथे २०१९ च्या कायद्यान्वये घरी येणाऱ्या सुऱ्या-पात्यांचं वय असं दारात तपासावं लागतं. भावाच्या डोक्यावर एकही काळा केस नाही, तरी त्याला विचारलं म्हणून तो वैतागला. मला मात्र ही पद्धत आवडली. बघितलं आणि परत दिलं. कार्डाचा फोटो कोणाच्या फोनमध्ये राहिला नाही.

आमच्या प्रकरणात नेमका त्याचाच त्रास झाला. तिसऱ्या दिवशी मदतकेंद्रावरच्या मुलीने सुचवलं, "मॅडम, आजोबांच्या आधारच्या दोन्ही बाजू व्हॉट्सॲपवर पाठवा, आमचा डिलिव्हरीवाला बघेल." मी नाही म्हणाले. कटरसाठी एका अनोळखी फोनमध्ये बाबांचा नंबर, पत्ता, फोटो कायमचा जाऊन बसणार. वृद्धांच्या नावावर सिमकार्डं आणि कर्जं निघाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करता येणार नाही, असं म्हटलं होतं. पुढे स्वेच्छेने देण्याची वाट मोकळी झाली. पण 'स्वेच्छा' हा शब्द सबमिशनच्या आदल्या दिवशी फार पातळ होतो. पाठवायचंच झालं तर मास्क्ड आधार पाठवा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, सरकारी संकेतस्थळावरून दोन मिनिटांत उतरवता येतं, आणि मागणाऱ्याचं काम तेवढ्यात भागतं. घरातल्या ज्येष्ठांसाठी तुम्ही तरुण मंडळींनी हे एकदा करून त्यांच्या फोनमध्ये ठेवाच.

भाचीचं सामान शेवटी युनिव्हर्सिटीजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून आलं. दुकानदाराने तिच्या पाठीवरची मोठी पोर्टफोलिओ बॅग बघितली, "फाइन आर्ट्स?" विचारलं, आणि कटर देताना पातं कसं मोडायचं ते दाखवलं. स्प्रेचे दोनच डबे दिले. तिसरा लागला तर उद्या ये म्हणाला. एचिंगला लागणारं ॲसिड विभागातच मिळतं, ते कोणी घरी मागवत नाही आणि मागवूही नये. ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराखालील कोणालाही ॲसिड विकायला मनाई केली. विकणाऱ्याने घेणाऱ्याचं ओळखपत्र बघून नोंदवहीत लिहायचं असतं. अशा वस्तूंच्या बाबतीत यंत्र, दारावरचा माणूस, नोंदवही, सगळं असू दे, मी वैतागणार नाही. कटरला आणि ॲसिडला एकच चाळणी लावली की खरी चाळणी कुठली ते कळेनासं होतं.

हे प्रकार कमी होणार नाहीत, वाढणार आहेत. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून प्रौढांच्या साइटांना वय तपासणं भाग पडलं. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. आपल्याकडे व्यक्तिगत डेटाविषयीचा २०२३ चा कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुलांच्या बाबतीतली कलमं दीड वर्षानंतर लागू होतील. मग अठराखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी कंपनीला आईवडिलांची पडताळलेली संमती घ्यावी लागेल. चुकली तर दंड दोनशे कोटींपर्यंत. पडताळणी डिजिलॉकरमधून मिळणाऱ्या टोकनने करता येईल, अशी सोय नियमांत आहे. म्हणजे 'हा पालक सज्ञान आहे' एवढंच कळायचं, बाकी कागद घरातच. ती सोय कंपन्या खरंच वापरतात की फोटोच मागत बसतात, ते तेव्हा दिसेल. ज्यांची मुलं आता दहा-बारा वर्षांची आहेत त्यांनी आपली नावं सगळ्या कागदांवर एकसारखी करून घ्यावीत. 'बेन' आणि 'बाई'सकट.

आमच्याकडे आता बाबांच्या आधारवर पूर्ण तारीख चढवायचं चाललंय. जन्मतारीख एकदाच बदलता येते. बाबांचं म्हणणं, बदलायचीच तर खरी घाला, दिवाळीनंतरची. पण पासपोर्ट, पेन्शन, बँक, सगळीकडे गुरुजींचा १ जून आहे, आणि दिवाळीनंतरचा कुठला दिवस ते सांगायला आजी नाही. फॉर्म भरून फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलाय. तारखेची जागा अजून कोरी आहे.