मेंदू श्वासाकडे कान लावून बसलेला असतो

सकाळी साडेसहाला मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही उपनगरातल्या बागेत डोकावा. सतरंज्यांवर आजी-आजोबा बसलेले, अंगठ्यानं एक नाकपुडी दाबलेली, डोळे मिटलेले. पलीकडे भ्रामरीचा गुंजारव. त्याच्याही पलीकडे हास्यक्लबचं ‘हो हो, हा हा हा’. हे सगळं कशासाठी? कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: “अहो, मेंदूला ऑक्सिजन मिळतो. विसरायला कमी होतं.”

यातली ऑक्सिजनची गोष्ट चुकीची आहे. आणि जे खरं आहे, ते त्याहून कितीतरी अद्भुत आहे!

करोनाच्या दिवसांत घरोघरी ऑक्सिमीटर आले, आठवतं? निरोगी माणूस नुसता बसलेला असला तरी आकडा ९६, ९७, ९८. म्हणजे रक्तात आणखी ऑक्सिजन भरायला जागाच फारशी नाही. उलट भराभर श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूला रक्तच कमी मिळतं. वाढदिवसाचे फुगे घाईघाईनं फुगवताना गरगरतं ते यामुळेच. ज्याला आपण टाकाऊ वायू म्हणतो, तोच मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळत असतो!

गंमत म्हणजे हे आपल्याकडे फार पूर्वी उमगलं होतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ काढलं आणि योगक्रियांना क्ष-किरण यंत्रासमोर, रक्तदाबमापकासमोर उभं केलं. प्राणायामाचं मोल जादा ऑक्सिजनमध्ये नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. त्यांचे गुरुबंधू योगेंद्र यांनी तर त्याच्याही आधी, २५ डिसेंबर १९१८ रोजी, अंधेरीच्या पश्चिमेला वेसाव्यात ‘योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली होती. वय अवघं २१, आणि ध्यास एकच: योग गुहेतून काढून संसारी माणसाच्या घरात आणायचा. ही संस्था आज सांताक्रूझला आहे.

मग ऑक्सिजन नाही, तर श्वास मेंदूत करतो तरी काय?

आधी एक साधी गोष्ट पाहा. हृदयाला ‘जरा हळू’ असं सांगता येतं का? जठराला ‘थांब’ म्हणता येतं? नाही. श्वासही आपला आपण चालतो, झोपेतसुद्धा. पण मनात आलं की तो तुमच्या ताब्यात येतो. आपोआप चालणाऱ्या इतक्या मोठ्या कारभारात थेट हात घालता येईल अशी ही जवळजवळ एकच जागा!

श्वासाचा ताल ठरतो मेंदूच्या बुंध्यात, चेतापेशींच्या एका चिमुकल्या पुंजक्यात. शास्त्रज्ञांना तो १९९१ मध्ये सापडला. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांना उंदरांमध्ये या पुंजक्यातल्या जेमतेम १७५ पेशी वेगळ्या दिसल्या. श्वास चालवणं हे त्यांचं कामच नाही. श्वास कसा चाललाय याची खबर त्या ‘लोकस सेरुलियस’ नावाच्या केंद्राला देतात. हे केंद्र म्हणजे सोसायटीचा वॉचमन: गेटवर धावपळ दिसली की इंटरकॉमवरून सगळी बिल्डिंग जागी करणारा. त्या १७५ पेशी काढून टाकल्यावर काय झालं? उंदीर श्वास घेत राहिले, पण कमालीचे निवांत झाले. बसून आपलं अंग साफ करत राहिले!

आता म्हातारपणाशी याचा धागा कुठे जुळतो ते बघा. अल्झायमरमध्ये ‘टाऊ’ नावाच्या प्रथिनाचे गुंते मेंदूत होतात. त्यांच्या अगदी पहिल्या खुणा ज्या मोजक्या ठिकाणी दिसतात, त्यांतलं एक ठिकाण कोणतं? हाच वॉचमन! विसरभोळेपणा जाणवायच्या कितीतरी वर्षं आधी.

दुसरी वाट नाकातून जाते. १९४२ मध्ये एडगर एड्रियन या ब्रिटिश शास्त्रज्ञाला हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्याच्या मेंदूत श्वासाच्या तालावर उठणाऱ्या विद्युतलहरी दिसल्या. माणसाचं काय? अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी विद्युतअग्रं बसवावी लागतात. २०१६ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं अशा रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आठवणी रचणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्येही श्वासाचा ताल उमटत होता! मग निरोगी माणसांना चित्रं दाखवून पाहिली. नाकानं श्वास आत घेण्याच्या क्षणी दिसलेली वस्तू जास्त चांगली आठवत होती. तोंडानं श्वास घेतला की हा फायदा गायब.

आणि हसणं? १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्याच लोखंडवाला संकुलातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब भरवला. थोड्याच दिवसांत सांगायचे विनोद संपले, तेव्हा त्यांनी विनोदाशिवायच हसायचं ठरवलं आणि जोडीला योगातलं श्वसन घेतलं. नीट पाहिलं तर खळखळून हसणं म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी सोडलेला लांबलचक रेचक, म्हणजे उच्छ्वासच की!

आता सर्वांत ताजा नवलाचा भाग. २०२३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका प्रयोगात १०८ जण होते, निम्मे तरुण, निम्मे ५५ ते ८० वर्षांचे. एका गटानं पाच आकडे मोजत श्वास घ्यायचा, पाच मोजत सोडायचा. रोज दोनदा २० मिनिटं, चार आठवडे. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइडचं रक्तातलं प्रमाण या गटात घटलं, तरुणांत आणि ज्येष्ठांतही! दुसऱ्या गटानं श्वासाचा नाद सोडून मन शांत करायचं होतं. त्यांच्यात ते घटलं नाही. अर्थात रक्तातला आकडा उतरला म्हणजे डिमेन्शिया टळला, असं यातून सिद्ध होत नाही. औषधं चालूच ठेवायची. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुंभक (श्वास रोखून धरणं) आणि जोरदार कपालभातीच्या वाटेला जायचं नाही.

पण पाच आणि पाचच का? एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. इथे होतात सहा. रक्तदाब किंचित चढला की शरीर हृदयाला आवरतं, उतरला की पुढे ढकलतं, आणि या एका फेरीला लागतात साधारण दहा सेकंद. श्वासही दहा सेकंदांचा केला की दोघांचे झोके जुळतात आणि नाडीचा चढउतार ठळक होतो. २००१ साली इटालियन संशोधकांनी लोकांना लॅटिनमधली जपमाळ आणि योगातला मंत्र म्हणायला लावून श्वास मोजले. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आले! दोन धर्म, दोन भाषा, हाती घड्याळ नाही की यंत्र नाही, तरी दोघांनी नेमका तोच वेग गाठला. तो शरीरातच लिहिलेला होता; जप करणाऱ्यांनी तो म्हणता म्हणता वाचला.