आधी हात बसू द्या, वेग मागून येतो

शिलाई मशीनवरचा नवा कारागीर आधी सरळ टाका शिकतो. शेलूबाजारात मेंदी काढणाऱ्या आपल्या मुलींनी ॲक्रिलिक नखांचे काम शिकतानाही हेच ध्यानात ठेवावे. द्रवात भिजवलेला ब्रश पावडरीत टेकवून गोळा उचलतात. तो पातळ झाला तर कातडीवर पसरून ॲलर्जी होऊ शकते. कोरडा झाला तर नख सुटते. गोळा नीट बसला की घासणी कमी होते. वेळ तिथेच वाचतो. सुरुवातीला दहा नखांना तीन तास लागले तरी घाबरू नये. स्वस्त एमएमए द्रव मात्र टाळावा. अमेरिकेत १९७०च्या दशकातच त्यावर सरकारी कारवाई झाली. या नखांखाली पाणी पोचत नाही, हे वजू करणाऱ्या गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. दर दोन-तीन आठवड्यांनी भराई लागते. खरे बोलणारीकडेच गिऱ्हाईक परत येते.