आधी एक देश, मग सारा युरोप

युरोपीय संघाचे वीजनियम मंजूर होतात ब्रसेल्समध्ये. पण त्यांतले महत्त्वाचे नियम आधी एखाद्या देशाने स्वतःच्या जबाबदारीवर वापरून पाहिलेले असतात. १९९१ पासूनच्या तीन प्रयोगांवरून हे स्पष्ट दिसते.

पहिला मान नॉर्वेचा. १९९१ साली अमलात आलेल्या तिथल्या ऊर्जा कायद्याने वीजनिर्मिती आणि विक्री स्पर्धेला खुली केली. वाहिन्यांचे जाळे मात्र नियामकाच्या देखरेखीखाली ठेवले. १९९६ मध्ये स्वीडन सामील झाला आणि ‘नॉर्ड पूल’ हा बहुराष्ट्रीय वीजबाजार उभा राहिला. त्याचे मर्म किंमतविभागांत, म्हणजे वेगळा दर निघू शकणाऱ्या भौगोलिक विभागांत होते. उद्याच्या विजेसाठी बोली लावणाऱ्याला विभागांमधल्या वाहिनीची क्षमता वेगळी विकत घ्यावी लागत नसे. लिलावातच तिचे वाटप होई आणि वाहिनी अपुरी पडली की दोन्ही बाजूंचे दर वेगळे निघत. उरलेल्या युरोपात बहुतेक ठिकाणी विजेचा आणि वाहिनीच्या क्षमतेचा असे दोन सौदे स्वतंत्रपणे होत. त्यामुळे कधीकधी महाग देशातली वीज स्वस्त देशाकडे वाहत असे! २००६ मध्ये फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सनी आपले बाजार जोडले, २०१० मध्ये जर्मनी आला आणि २०१५ च्या नियमावलीने ही जोडणी संघभर बंधनकारक केली.

दुसरा प्रयोग ब्रिटनचा. २०१३ च्या कायद्याने तिथे दुतर्फी दरफरक करार आले. बाजारभाव ठरलेल्या दराखाली गेला तर उत्पादकाला फरक मिळतो. वर गेला तर त्याने तो परत करायचा. २०२२ मध्ये गॅसचे दर भडकले, अनेक वीजकंपन्यांना अचानक मोठा नफा झाला, आणि या परतफेडीच्या कलमाचे मोल साऱ्यांना उमगले. तोवर ब्रिटन संघाबाहेर पडला होता. तरीही नव्या पवन, सौर आणि अणुप्रकल्पांना सरकारने थेट दराचा आधार द्यायचा, तर तो २०२७ पासून अशाच करारातून द्यावा, असे संघाच्या २०२४ च्या सुधारणेने ठरवले.

तिसरा प्रयोग स्पेन आणि पोर्तुगालचा. जून २०२२ पासून त्यांनी वीजनिर्मितीसाठीच्या गॅसच्या हिशोबी दराला मर्यादा घातली. सुरुवातीला ती मेगावॅट-तासाला ४० युरो होती. घाऊक बाजारातला विजेचा दर उतरला, ग्राहकांना दिलासा मिळाला. पण गॅसचा वापर वाढला आणि स्वस्त झालेली वीज फ्रान्सकडेही वाहू लागली. युरोपीय आयोगाने हा अपवाद तात्पुरता मान्य केला, संघाचा नियम मात्र केला नाही.

या तिघांतला फरक महत्त्वाचा आहे. नॉर्वेच्या पद्धतीने शेजाऱ्यालाही फायदा झाला. ब्रिटनच्या कराराने बाजाराचा दर न मोडता ग्राहकाला संरक्षण दिले. स्पेन-पोर्तुगालच्या उपायाने संकटात मोलाची मदत केली. पण सीमा ओलांडताच तो गुंतागुंतीचा ठरला.

म्हणून एकसारखेपणाच्या आग्रहापायी संघाने देशांचे हात बांधू नयेत. मुदत ठरवून, हिशोब खुला ठेवून आणि शेजाऱ्यावर होणारा परिणाम मोजून प्रयोग करू द्यावेत. उद्याचे चांगले सामाईक नियम याच वाटेने येतील.