प्रिंटरचं पान काढून बघा

झेरॉक्सच्या दुकानातून नुकताच आणलेला कागद हातात घ्या. अजून कोमट असतो. आता अक्षरांवरून अंगठा जोरात फिरवा. काही झालं नाही ना? पण समजा, अक्षरं फिसकटली आणि अंगठा काळा झाला, तर त्या यंत्रात नेमकं काय बिघडलंय?

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात पहिलं पाऊल टाकणाऱ्यांना असले प्रश्न सोडवावे लागतात. त्यांच्यासाठी 1993 पासून एक परीक्षा आहे, तिचं नाव ए प्लस. ती घेते कॉम्पटिया ही अमेरिकेतली संस्था. 1982 साली ही संस्था स्थापन झाली तेव्हा तिचं नाव होतं असोसिएशन ऑफ बेटर कॉम्प्युटर डीलर्स. आद्याक्षरं जुळवून बघा: एबीसीडी! नवशिक्यांची परीक्षा घेणाऱ्यांना याहून शोभणारं नाव कुठून मिळणार? नंतर ते बदललं, याची मला थोडी हळहळच वाटते.

परीक्षेचे पेपर दोन. प्रत्येकाला 90 मिनिटं आणि जास्तीत जास्त 90 प्रश्न. पास व्हायला 900 पैकी पहिल्यात 675 आणि दुसऱ्यात 700 लागतात. गंमत म्हणजे गुणांची पट्टी शून्यापासून नाही, 100 पासून सुरू होते. त्यामुळे 675 म्हणजे 75 टक्के, असला आपला दहावी-बारावीचा हिशेब इथे चालत नाही.

खरी पंचाईत अभ्यास कशातून करायचा ही. हजार-हजार पानांचे ठोकळे, शेकडो व्हिडिओ, प्रश्नसंच, ॲप. दुकानात उभं राहून यातलं निवडायचं कसं? माझी युक्ती साधी आहे. पुस्तक कुठलंही असो, आधी लेझर प्रिंटरचं पान काढायचं. का, ते सांगतो. त्यासाठी 1938 मध्ये जावं लागेल.

न्यूयॉर्कमधल्या ॲस्टोरिया भागात एक छोटी खोली. चेस्टर कार्लसन हा माणूस एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा आणि कागदपत्रांच्या नकला करून करून वैतागला होता. 22 ऑक्टोबरला त्याने आणि त्याच्या मदतनिसाने जस्ताची एक पट्टी घेतली. तिच्यावर गंधकाचा थर होता. त्यांनी तो सुती रुमालाने खसाखसा घासला. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो ना? तशीच वीज त्या थरावर बसली. मग एका काचेवर शाईने तारीख आणि ‘ॲस्टोरिया’ लिहिलं, काच पट्टीवर ठेवली आणि वरून दिव्याचा झगझगीत उजेड पाडला. जिथे उजेड पोचला तिथली वीज निघून गेली. शाईच्या अक्षरांखाली अंधार होता, तिथली राहिली. काच उचलली, पट्टीवर बारीक पूड भुरभुरली आणि हलकेच फुंकर मारली.

अक्षरं उमटली होती! विजेने धरून ठेवलेली, पुडीची अक्षरं. मग मेणकागद दाबून ती उचलली, मेण जरा तापवलं आणि अक्षरं कायमची बसली.

पुढे याच तंत्रावर झेरॉक्स कंपनी उभी राहिली. तिथल्या गॅरी स्टार्कवेदर नावाच्या अभियंत्याला वाटलं, मधली काच आणि मूळ कागद हवाच कशाला? अक्षरं थेट लेझरच्या किरणाने लिहू या. असा लेझर प्रिंटर आला. आज तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात घरघरणाऱ्या डब्यात ड्रमवर वीज चढते, लेझर त्यावर अक्षरांचा नकाशा काढतो, टोनरची पूड चिकटते, कागदावर उतरते आणि तापलेल्या रोलरखाली वितळून बसते. वीज, उजेड, पूड, कागद, उष्णता. रुमाल गेला, क्रम तोच राहिला.

आता अंगठ्याकडे परत या. टोनर ही मुख्यतः प्लॅस्टिकची पूड आहे. अंगठा काळा झाला म्हणजे ती कागदापर्यंत नीट आली, फक्त वितळली नाही. वीज ठीक, लेझर ठीक, ड्रम ठीक. संशय एकावरच, शेवटच्या तापणाऱ्या रोलरवर, म्हणजे फ्यूजरवर. अजून एक बघा. पानावर एकच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतोय. पट्टी घ्या, दोन डागांमधलं अंतर मोजा. ते अंतर म्हणजे कुठल्या तरी एका रोलरचा परीघ! तेवढ्या परिघाचा रोलर शोधा, गुन्हेगार सापडला. यंत्र न उघडता. शेरलॉक होम्सने याहून वेगळं काय केलं?

म्हणून प्रिंटरचं पान. त्यावर नुसती पायऱ्यांची यादी पाठ करायला दिली असेल, तर पुस्तक परत ठेवा. अंगठा काळा का झाला ते त्या पानावरून कळत असेल, तर पुढची हजार पानंही बहुधा कामाची निघतील.

पण पुस्तकाच्याही आधी घ्यायची वस्तू फुकट आहे. कॉम्पटिया आपल्या संकेतस्थळावर परीक्षेत काय काय येऊ शकतं याची बारीक यादी ठेवते, कुठल्या भागाला किती टक्के वजन त्यासकट. सध्याच्या पहिल्या पेपरात बिघाड शोधण्याला 28 टक्के, हार्डवेअरला 25, नेटवर्किंगला 23, मोबाइल उपकरणांना 13 आणि क्लाउडला 11. मला या यादीत सगळ्यात जास्त आवडतात ती तिच्यातली क्रियापदं. कुठे लिहिलेलं असतं ‘समजावून सांगा’, कुठे ‘तुलना करा’, आणि फार ठिकाणी ‘प्रसंग दिला असता अमुक करा’. बघा, अभ्यास कशातून करायचा ते यादीनेच सांगितलं की! समजावण्यासाठी पुस्तक किंवा व्हिडिओ. प्रोफेसर मेसर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षकाचे व्हिडिओ तर फुकट आहेत आणि याच यादीच्या क्रमाने जातात. ‘प्रसंग’ मात्र पुस्तकात भेटत नाही. त्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर.

जुना, अडगळीतला पीसी मिळवा. नाहीच मिळाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा. दोन मिळाले तर आणखी मजा. ते दोन्ही एका लॅन केबलने थेट जोडा, मध्ये राउटर नको. नेटवर्कमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता लागतो आणि तो सहसा राउटर वाटतो. इथे वाटणारा कोणीच नाही. मग? विंडोज थोडा वेळ हाका मारतं, उत्तर येत नाही म्हटल्यावर 169.254 ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच निवडतं, आणि तो घेण्याआधी केबलवर विचारून घेतं की हा पत्ता कोणाचा आहे का. एसटीत शिरल्यावर आपण विचारतो ना, ‘इथे कोणी बसलंय का?’ अगदी तेच! या गाडीत जागा आहेत 65,024. पुस्तकात ही एक रुक्ष ओळ असते. स्वतःच्या पडद्यावर तो पत्ता उमटलेला पाहिला की 169.254 दिसताच ‘राउटरने उत्तर दिलेलं नाही’ हे आपोआप सुचतं.

रद्दीतल्या स्वस्त पुस्तकाचं काय? मुखपृष्ठावरचा नंबर बघा. परीक्षा साधारण तीन वर्षांनी कात टाकते. 1101 आणि 1102 हे पेपर सप्टेंबर 2025 मध्ये बंद झाले, आता 1201 आणि 1202 आहेत. जुन्या पुस्तकातला प्रिंटर, केबली, पोर्ट बरंचसं खरंच असतं, कार्लसनची वीज काही बदललेली नाही. पण विंडोज आणि सुरक्षेचे भाग शिळे होतात. जुनं पुस्तक समजण्यासाठी ठेवा, तयारीचा हिशेब नव्या यादीवर मांडा.

आता प्रश्नसंच. लोक ते शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवतात आणि तिथेच फसतात. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने? वाचणारे 40 वर घसरले, आठवणारे 61 वर राहिले! आणि आपल्याला चांगलं आठवेल असा भरवसा जास्त कोणाला होता, माहितीये? वाचणाऱ्यांनाच. अधोरेखित केलेलं पान ओळखीचं वाटतं, आणि ओळख पटली की येतंय असं वाटायला लागतं. म्हणून प्रश्नसंच पहिल्या आठवड्यापासून घ्या, आणि चुकलेल्या प्रश्नात बाकीचे तीन पर्याय का नाहीत तेही सांगता आलं पाहिजे. मराठीत सांगा, मोठ्याने, घरातल्या कोणालाही. पेपर मराठीत नसतो, पण ‘ड्रमवर वीज चढते’ असं आजीला समजावता आलं तर इंग्रजी प्रश्न अवघड जात नाही.

एक गोष्ट मात्र घेऊ नका. ‘खऱ्या परीक्षेतले हुबेहूब प्रश्न’ म्हणून जे विकलं जातं ते आपलं ‘अपेक्षित’ नव्हे, ती पेपरफुटी आहे. कॉम्पटियाच्या नियमांत ती बसत नाही, मिळालेलं प्रमाणपत्रही रद्द होऊ शकतं. शिवाय समोर गिऱ्हाईक काळा अंगठा दाखवत उभं राहिलं, तर पाठ केलेला पर्याय ‘क’ काय कामाचा?

तेव्हा दुकानात जाण्याआधी 1201 आणि 1202 च्या याद्या उतरवून घ्या, छापून घ्या आणि जे आत्ताच येतंय त्यावर खूण करा. पुस्तकाचे पैसे त्यानंतर काढा.